शेवटच्या कडव्याची जागा

धर्मराज ओव्हाळच्या लहानपणी घरात ग्रामोफोनचा एकच तवा होता. रेकॉर्डला तेव्हा सगळे तवाच म्हणत. दुपारी बाप खाणीवरून आला, भाकरी खाऊन भिंतीला टेकला, की पेटीची चावी फिरवायचा. आधी नुसती खरखर यायची, मग त्या खरखरीतून, लांबच्या पायवाटेनं कुणी यावं तसा, आवाज जवळ जवळ यायचा.

पाणवठ्यावर उजाडलं, चला गं घागरी घेऊ,
अडवील कोण आता, भीमाच्या मागं जाऊ.

गाणं चवदार तळ्याचं. पण तव्याच्या एका बाजूला मावेल तेवढंच त्यात होतं आणि शेवटचं कडवं काही मावलेलं नव्हतं. सुई मधल्या गोल कागदाशी जाऊन अडखळायला लागली की बाप ती उचलून बाजूला ठेवायचा, डोळे मिटायचा आणि उरलेलं कडवं स्वतःच्या गळ्यानं पुरं करायचा.

"तवा संपला ना? मग आता का म्हणता?" लहानग्या धर्मराजानं एकदा विचारलं.

"तवा संपला, गाणं कुठं संपलंय? शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. ज्यानं गाणं बांधलं तो तिथं येऊन उभा राहतो. कडवं गाळलं म्हणजे त्याला दारातनंच माघारी धाडल्यासारखं झालं."

ही रीत काही एकट्या बापाची नव्हती. गावोगाव गायन पार्ट्या होत्या, त्यांचे सामने व्हायचे. एखाद्यानं दुसऱ्याचं गाणं म्हणावं, त्याला कुणाची हरकत नसे. पण शेवटचं कडवं गाळलं की समोरची पार्टी भर मंडपात ओरडायची, "कवी कुठं टाकून आलास रे?" आणि त्या माणसाला मान वर करता यायची नाही.

धर्मराज शाळेत असतानाच बाप गेला. तवा राहिला, पेटी राहिली, पण ते कडवं गेलं. ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि धर्मराजाला त्यातला एक शब्द आठवत नव्हता, की कवीचं नाव आठवत नव्हतं. आठवायचं ते एवढंच, की कडवं संपता संपता बाप डोळे न उघडता शेजारी बसलेल्या धर्मराजाच्या उजव्या हातावर बोटानं टिचकी मारायचा. ती का मारायचा हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पुढं धर्मराज अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरला लागला. बायको आली, वेणूबाई. मुलं झाली. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या बराकीतली बापाची खोली तीच राहिली. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला कार्ड. आलेला माल कुठून आला ते कार्डावर नसेल तर धर्मराज तो ताब्यातच घ्यायचा नाही. ही खोड घरीही आली. भंगार बाजारातल्या कपड्यांच्या ढिगातून, फुटक्या पंख्यांच्या पसाऱ्यातून तो भीमगीतांचे तवे वेचून आणू लागला. पुढं कॅसेटी आल्या, त्याही आणू लागला. टेकचंद भंगारवाला त्याच्यासाठी तवे बाजूला काढून ठेवायचा.

"साईं, ये लो तुम्हारा काला तवा. इसपे रोटी भी नहीं बनती," असं म्हणून हसायचा, आणि रद्दीच्याच भावात द्यायचा.

अशा तव्यांची आणि कॅसेटींची यादी धर्मराजानं करायला घेतली ती साधारण ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात. गाण्याची पहिली ओळ, गायक, कंपनी आणि कवी. दुकानदारांच्याही याद्या असत, पण त्या गायकाच्या नावानं लावलेल्या. गिऱ्हाईक गायक मागतं, कवी कोण विचारतो? धर्मराजानं आपली यादी कवीच्या नावानं लावली, अ पासून ज्ञ पर्यंत.

आता अडचण अशी, की कवीचं नाव कागदावर क्वचितच छापलेलं असे. ते ऐकायचं शेवटच्या कडव्यात. आणि निम्म्या तव्यांवर शेवटचं कडवंच नाही! ते कुणाच्या तरी तोंडात असायचं, म्हणून ते तोंड शोधायला धर्मराज सुट्टीच्या दिवशी सायकल काढायचा. कधी अंबरनाथच्या चाळी, कधी बदलापूर, कधी बारवी धरणाच्या अंगाच्या वाड्या. वालधुनी नदीचं पाणी ज्या दिवशी ज्या रंगाचं असेल त्या रंगाकडं बघत तो पुलावरून जायचा. कधी जांभळं, कधी हळदीसारखं. हवेत कारखान्यांचा गोडसर वास. त्या वासात सायकल चालवताना त्याला वाटायचं, की आपण ज्या माणसांकडं निघालोय ती खरी आहेत की गाण्यातून बाहेर पडून उन्हात बसलीत?

शिरगावात भिमाबाई होत्या. त्यांचा नवरा धोंडिबा याची एके काळी मोठी गायन पार्टी होती, आणि भिमाबाई तिच्यात टाळ धरून साथीला. नवरा गेला, पार्टी मोडली, पण शेवटची कडवी म्हातारीच्या पोटात जशीच्या तशी. फक्त ती सुटी निघायची नाहीत.

"आत्या, नुसतं शेवटचं सांगा की."

"नुसतं शेवटचं? शेपटी धरून म्हैस ओढतोस व्हय रे? पहिल्यापासनं म्हणावं लागतंय. हात चालू पायजे. दे ते सूप इकडं."

मग त्या तांदूळ पाखडायला बसायच्या आणि सुपाच्या ठेक्यावर गाणं धरायच्या. अंगणात बकुळीची सावली, पलीकडं भाताची खाचरं, मधूनच कोंबडीचं कुरकुरणं. धर्मराज खांबाला टेकून ऐकायचा. डोळ्यांवर झापड यायची. त्या झापडीत त्याला दिसायचं, की कडवं संपत आलं की अंगणाच्या कोपऱ्यातून एकेक माणूस पुढं येतो. कुणाच्या खांद्यावर घोंगडी, कुणाच्या हाताला गिरणीचं तेल, कुणी नुसता बनियनवर. येतो, आपलं नाव सांगतो आणि सावलीत मिसळून जातो. दचकून जागा झाला की धर्मराज ते नाव लिहून घ्यायचा.

"झोपला होतास का रं?"

"नाही आत्या, बघत होतो."

"काय?"

"येणाऱ्यांना."

म्हातारीला यात काही वेडंवाकडं वाटायचं नाही. "आमचे हे आले होते का त्यात?" एवढंच विचारायची.

एक गाणं मात्र भिमाबाईंनाही पुरं येत नव्हतं, आणि ते होतं बापाचंच. "पाणवठ्यावर उजाडलं" त्या म्हणायच्या ते तव्यावर होतं तेवढंच. पुढं सूप थांबायचं. म्हणून यादीत त्या गाण्याच्या कवीचा रकाना धर्मराजानं कोरा ठेवला. आता नाव नसलेला कवी वर्णक्रमात बसवायचा कुठं? विचार करकरून त्यानं त्याला सगळ्यांच्या वर बसवलं, अ च्याही आधी. यादीच्या पहिल्या ओळीत त्यामुळं गाणं होतं, गायक होता, कंपनी होती, आणि कवीच्या जागी पांढरा कागद. यादी उघडली की तो पांढरा चौकोन पहिला दिसायचा, उघड्या ठेवलेल्या दारासारखा.

यादी वाढत गेली. कारखान्याच्या युनियनच्या मशीनवर त्यानं पानांच्या प्रती काढल्या आणि ज्यांना गोडी होती त्यांना वाटल्या. कुणी लग्नात गाणी लावणारा, कुणी शिक्षक, कुणी नुसता शौकीन. पानं मिळाली की लोक चुका कळवायचे, राहिलेली गाणी सांगायचे, आणि पुढची पानं निघायची. पण एकाही पानावर धर्मराजानं आपलं नाव घातलं नाही. नाव शेवटी असतं. यादी संपेल तेव्हा शेवटच्या पानावर घालू, असं त्याच्या मनात. आणि यादी संपणार कधी, तर पहिली ओळ भरेल तेव्हा.

उल्हासनगरात हरिचंद्र भालेरावचं कॅसेटचं दुकान होतं. मोठा बोलका, हसरा गडी. धर्मराजाची पानं त्याच्याकडंही पोचत. "काका, तुमच्यामुळं माल मागवायला सोपं पडतं," म्हणायचा आणि चहा पाजायचा.

ब्याण्णव सालच्या चौदा एप्रिलला धर्मराज निळ्या झेंड्यांखालून, लाऊडस्पीकरच्या गजरातून, पुस्तकांचे आणि तसबिरींचे स्टॉल बघत चालला होता. एका स्टॉलवर निळ्या वेष्टनाची जाडशी पुस्तिका दिसली. भीमगीतांची संपूर्ण सूची. संकलक, हरिचंद्र भालेराव. धर्मराजानं ती उघडली. आपल्याच घरात कुणा दुसऱ्याच्या नावाची पाटी बघावी तसं त्याला झालं. तेच रकाने, कवीच्या नावानं लावलेला तोच क्रम. शिरगावच्या अंगणात सुपाच्या ठेक्यावर मिळालेली नावं, बारवीच्या वाडीत ताक पिता पिता मिळालेली नावं, सगळी रांगेनं उभी.

पण खरा धक्का बसला तो पहिल्या ओळीला. "पाणवठ्यावर उजाडलं." गायक, कंपनी, आणि कोऱ्या रकान्यात एक शब्द. पारंपरिक.

पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही. शोध संपला, दार लावून घेतलं. आता कॅसेटवाले तेच छापणार, रेडिओवाले तेच म्हणणार, आणि बापानं डोळे मिटून ज्याला रोज घरात घेतलं तो माणूस कायमचा उंबऱ्याबाहेर राहणार. लाऊडस्पीकर चालू होता, तरी धर्मराजाला फक्त सुईची खरखर ऐकू येत होती.

घरी आल्यावर वेणूबाईंनी पुस्तिका चाळली. "अहो, हे तर तुमचंच की! भांडा जाऊन. एरवी माझ्या डाळीत मीठ कमी पडलं तर तोंड सुटतं."

भांडणं धर्मराजाला जमत नव्हतं. तो वकिलाकडं गेला. भिमाबाईंच्या शेजारची मुलगी, नीलिमा रोकडे, कल्याणच्या कोर्टात नुकती उभी राहू लागली होती. संध्याकाळी शिरगावात घरीच अशिलांना भेटायची. तिनं धर्मराजाची पानं आणि ती पुस्तिका शेजारीशेजारी ठेवली.

"काका, आधी एक सांगते. गाणी तुमची नाहीत. गाण्यांच्या ओळी, गायकांची नावं, हीसुद्धा तुमची नाहीत. उद्या कुणी स्वतः पायपीट करून याच गाण्यांची दुसरी यादी केली, तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही."

"मी कुठं अडवतोय? करावी की."

"पण तुमची मेहनत, तुमची निवड, तुमची मांडणी उचलून तशीच छापायची, हे चालत नाही. कायद्यात तक्ते आणि संकलनं यांनाही साहित्य म्हटलंय."

"साहित्य?" धर्मराज चमकला. स्टोअरच्या कार्डांच्या माणसाला हा शब्द आपल्या अंगावर मोठा झाल्यासारखा वाटला.

"हो. आता मला सांगा, तुमचं नाव कुठंय यात?"

"ते शेवटच्या पानावर येणार."

"शेवटचं पान कुठंय?"

"अजून आलेलं नाही."

नीलिमानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे दहा वर्षं पानं वाटताय आणि एकावरही नाव नाही? काका, छापलेल्यावर ज्याचं नाव असतं तोच कर्ता, असं कोर्ट आधी धरून चालतं. इथं नाव आहे हरिचंद्रचं. तसं नाही, हे दाखवायचं आता तुमच्याकडं आलं."

"नाव आधी कसं घालायचं? गाण्यात कुणी घालतं का?"

"ही गाणी नाहीत हो. ही यादी आहे."

पहिल्यांदाच धर्मराजाला समजलं, की आपण इतकी वर्षं यादी नव्हे, एक लांबलचक गाणंच म्हणत आलो होतो.

कुंपणापलीकडून भिमाबाईंचा आवाज आला. "नीलू, साक्षीला मी येते. कुठल्या दिवशी कुठलं गाणं त्याला दिलं, सगळं सांगते."

"आत्या, जज्जसाहेब विचारतील तेवढंच सांगायचं."

"मला नुसतं शेवटचं येत नाही बाई. पहिल्यापासनं म्हणावं लागेल. साहेबाला म्हणावं, सूप मागवून ठेव."

नीलिमा हसली आणि पुन्हा कागदांकडं वळली. मग हसता हसता थबकली. "काका, ही पुस्तिका कवींच्या नावानं लावलीय ना? अ, आ, इ..."

"हो."

"मग पारंपरिक हे प मध्ये पाहिजे. ते अ च्या आधी काय करतंय?"

धर्मराजानं वाकून बघितलं. कोऱ्या जागेला जे आसन त्यानं दिलं होतं, त्या आसनावर हरिचंद्रानं हा शब्द आणून बसवला होता, पण तिथून उठवून प मध्ये न्यायचं त्याला सुचलं नव्हतं. जागा धर्मराजाची, शब्द तेवढा हरिचंद्राचा. साक्षीदार लागणारच नव्हता.

घरी येऊन त्यानं वेणूबाईंना सांगितलं, "कायद्यानं मी साहित्यिक आहे म्हणे."

"बरं झालं. साहित्यिकांनी आता नळाला नंबर लावावा, पाणी सुटायची वेळ झाली."

नोटीस गेली. चारआठ दिवसांत हरिचंद्र स्वतःच पेढ्यांचा पुडा घेऊन बराकीत हजर. दारातूनच, "जय भीम काका! अहो, घरातल्या माणसाला नोटीस?"

"जय भीम. बस."

"गाणी बाबासाहेबांची. समाजाची. त्यांची यादी कुणा एकट्याची असते का? हवा कुणाच्या मालकीची? मी छापली, लोकांपर्यंत गेली. तुमच्याकडं तर नुसती वाटली जात होती."

आतून वेणूबाई म्हणाल्या, "हवा कुणाचीच नसते भाऊ, पण पंपानं भरली की सायकलवाला पैसे घेतो."

हरिचंद्र खळखळून हसला. हसणं थांबल्यावर खाली बघून म्हणाला, "काकू, टोला बसला. काका, चुकलं माझं. पानावर नाव नव्हतं, मला वाटलं तुम्हाला नकोच असेल. तुमच्या वकीलबाई म्हणतात, प मधलं अ च्या आधी का, ते कोर्टात सांग. काय सांगणार? बोला, काय करू? दुसरी छपाई निघणारच आहे. कव्हरवर तुमचं नाव घालतो. मोठ्या अक्षरात."

"नाव नको इतक्यात," धर्मराज म्हणाला. "माझी जागा परत दे."

"कुठली जागा?"

"पहिल्या ओळीतली. पारंपरिक काढ. कोरं ठेव."

हरिचंद्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "अहो काका, लोक दागिन्यासाठी भांडतात, जमिनीसाठी भांडतात. तुम्ही रिकाम्या चौकोनासाठी भांडताय! छापखान्यात काय सांगू? काही न छापायचं छाप?"

"हो. तेवढंच."

"नुसतं कोरं दिसलं तर गिऱ्हाईक म्हणेल छापायचं राहिलं."

धर्मराजानं पेटी उघडून तवा लावला. गाणं झालं. सुई आतल्या कागदाशी येऊन खरखरायला लागली. त्यानं ती उचलली आणि काहीच न म्हणता बसून राहिला. बराकीच्या पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजली. गाण्याच्या जागी आता एक मोकळी जागा होती, आणि ती तिघांनाही ऐकू येत होती.

"इथं माझे वडील म्हणायचे," धर्मराज म्हणाला. "इथं माणूस आहे. तो सापडलेला नाही एवढंच."

हरिचंद्र हळूच म्हणाला, "मग खाली एक ओळ टाकू काका? हे कडवं ज्याला येत असेल त्यानं कळवावं, म्हणून. आणि तुमचा पत्ता."

नीलिमानं समझोत्याचा कागद केला. हरिचंद्र संकलक राहिला नाही, प्रकाशक झाला. तिनं धर्मराजाच्या नावाचा फार आग्रह धरला. "कायदा शेवटच्या पानापर्यंत थांबत नाही हो काका!" पण तो बधला नाही. शेवटी पत्त्यात तरी नाव येतंय, यावर तिनं समाधान मानलं. दुसऱ्या छपाईत पहिल्या पानावर पांढरा चौकोन आला, आणि तळाशी बारीक अक्षरात, धर्मराज ओव्हाळ, कॅम्प चार.

आणि मग माणसं यायला लागली.

पहिला आला अंबरनाथहून, निवृत्त वॉचमन. दारात उभा राहूनच त्यानं सूर लावला.

भगवान म्हणे, पाण्याला कुंपण कुणी घातलं,
भीमानं बोट लावताच तेही वाहून गेलं.

धर्मराजानं पेन-कागद ओढला. मिळालं! पण लिहिताना त्याचा हात थंडच राहिला. भगवान कोण, विचारलं तर वॉचमन म्हणाला, "माझा चुलता. त्यानं बांधलं. तव्यावर शेवट नव्हता ना, मग गाणं उघडं कसं ठेवायचं?"

पुढच्या रविवारी बदलापूरचा एक म्हातारा आला. त्याच्या कडव्यात नाव बबन. मग एक जोडपं, त्यांच्या कडव्यात जनू. प्रत्येकाचं कडवं वेगळं, प्रत्येकाची खात्री पक्की. वेणूबाई चहा करून थकल्या. "गाणं एक आणि त्याला बाप किती!" म्हणून कुरकुरायच्या, पण येणाऱ्याला बसायला सतरंजी त्याच घालायच्या.

धर्मराजाच्या हळूहळू लक्षात आलं. तव्यानं शेवटचं कडवं सोडलं, ते दार तसंच उघडं राहिलं, आणि ज्या ज्या वस्तीत तवा गेला तिथला कुणी ना कुणी त्या दारातून आत आला. हरिचंद्राचा पारंपरिक हा शब्द म्हटलं तर खरा होता. फक्त त्या शब्दानं या सगळ्यांना एका पांघरुणाखाली झाकून टाकलं होतं. पहिला कोण, ते यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि बाप यांच्यातलं कुणाचं कडवं म्हणायचा? प्रत्येक वेळी धर्मराज डोळे मिटून ऐकायचा, आणि प्रत्येक वेळी आपला उजवा हात मांडीवर तसाच पडलेला बघायचा.

पावसाळा सरला. भात पिवळं पडायला लागलं. एका दुपारी धर्मराज भिंतीला टेकून पेंगत असताना दारात एक बाई आली. बारवीकडची, पन्नाशीला टेकलेली, डोक्यावर पदर, हातात भोपळ्याचा तुकडा. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून आणलेला.

"ते गाण्याचं हितंच व्हय?"

"हो, या मावशी. नाव काय तुमचं?"

"गंगू. माझ्या लेकानं पुस्तक वाचून दावलं. म्हनला, आये, तुझ्या आईचं गानं हाय यात, पन मानूस न्हाई. म्हनून आले."

तिनं पाणी पिऊन पेला उपडा ठेवला आणि गाणं धरलं, अगदी पहिल्यापासून. आवाज जाडा, पण पाय ओढत चढण चढावी तसा संथ. धर्मराजाचे डोळे मिटले. बराक, पत्रा, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं लांब गेलं. भिंतीला बाप टेकला होता. अंगावर खाणीची पांढरी धूळ. सुई अडखळली, बापानं ती उचलली.

चांगुणा सांगे लेकीला, घागर नीट धर,
एका हाती पाणी तुझ्या, दुज्या हाती अक्षर.

उजव्या हातावर टिचकी बसली. लिहायच्या हातावर, अक्षराच्या हातावर. धर्मराजानं डोळे उघडले तेव्हा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि बोटं पेन धरल्यासारखी जुळली होती.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

गंगूनं पुन्हा म्हटलं. मग सांगितलं, "चांगुणा माझी आई. खानीवर खडी फोडायची. मी सकाळची शाळेत, दुपारची तिथं मानसांना पानी द्यायची. तवा गावात वाजायचा, शेवट नव्हता, म्हनून आईनं मलाच बघून बांधलं. लेक ती मीच."

"खाणीवर कुणी ओव्हाळ म्हणून आठवतात?"

"नावं कुठली आठवायला? एक उंच मानूस होता. पानी प्यायला की आईला म्हनायचा, बाई, ते कडवं परत म्हना, घरी पोरगा हाय. आई लाजायची. पन म्हनायची."

आतून भांड्याचा आवाज थांबला होता. वेणूबाई दारात उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून.

शिरगावात कळल्यावर भिमाबाईंनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्सं बाप्येच शोधत फिरलास. बाईला विचारायला आलास, पन बाई शोधायला कधी निघालास?"

तिसऱ्या छपाईसाठी त्यानं पहिली ओळ भरून दिली. एका रकान्यात ती मावेना, म्हणून पूर्ण पान घेतलं. चांगुणा, खडी फोडणारी. भगवान. बबन. जनू. ज्यानं त्यानं ज्या वस्तीत कडवं जोडलं त्या वस्तीसह. आणि या सगळ्यांच्या वर, जरासाच, पांढरा चौकोन तसाच ठेवला. ज्याचं कडवं तव्यावर मावलं नाही त्या पहिल्या माणसासाठी.

"आता तरी लिहा की तुमचं नाव," वेणूबाई म्हणाल्या.

"तो येऊ दे आधी."

"आणि नाहीच आला तर?"

"पत्ता आहे ना छापलेला. येईल." धर्मराज हसला. त्याच्या हसण्यात आता घाई नव्हती.

पुस्तिकेचा पहिला गठ्ठा आला तेव्हा तो हरिचंद्राच्या दुकानात गेला. बापाच्या तव्यावरून, धर्मराजाकडून बापाची सगळी गोष्ट ऐकत, हरिचंद्रानं कॅसेट भरून घेतली होती, तीच आत लावलेली. दुकानात दोनचार गिऱ्हाइकं. धर्मराज ओट्याशीच थांबला. गाणं संपलं, खरखर आली, हरिचंद्रानं बटण दाबलं. आणि उधारी मागणाऱ्या आपल्या त्याच फाटक्या आवाजात, सूर सोडून, डोळे मिटून तो म्हणू लागला,

चांगुणा सांगे लेकीला...

एक गिऱ्हाईक हसलं. "शेठ, कॅसेट संपली की!"

"कॅसेट संपली, गाणं कुठं संपलंय?" हरिचंद्र डोळे न उघडता म्हणाला. "थांब जरा. बाई दारात उभी आहे."

हे शब्द कुणाचे, ते त्यानं सांगितलं नाही. धर्मराजही ते सांगायला आत गेला नाही. तो ओट्यापाशी उभा राहून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकत राहिला. उन्हात त्याचा उजवा हात अंगाशी हलकासा ठेका धरत होता.